सशांचे मास्तर

खोल्या भाड्यानं मिळतील का, हे विचारायला आम्ही गेलो तेव्हा घरमालकांनीच आम्हांला पहिला प्रश्न विचारला, "हिंग खाता का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी नवी सून, खाली मान घालून उभी. शेजारी सासूबाई, पुढे हे. हे कचेरीत कारकून, समोरचा माणूस जरा मोठ्यानं बोलला की यांच्या तोंडून आधी होकारच बाहेर पडायचा. "अधूनमधून," हे पुटपुटले. सासूबाई मात्र उखडल्या. "आमटीला हिंग नको तर काय नको? तुम्हांला बिऱ्हाडकरू हवेत की गोसावी?"

घरमालक मुळीच रागावले नाहीत. "खा हो, खुशाल खा. फक्त फोडणीचा वास माझ्या पडवीत येता कामा नये. माझी औषधं मरतात."

अशी आमची न् मास्तरांची ओळख झाली. तीस सालाच्या आगेमागची गोष्ट. रत्नागिरीत खालच्या आळीत त्यांचं चिऱ्याचं घर होतं. पुढची पडवी, माजघर, स्वयंपाकघर त्यांचं. मागच्या अंगाच्या दोन खोल्या आमच्या. हायस्कुलात उभा जन्म ड्रॉइंग शिकवून ते पेन्शनीत निघाले होते, पण गावाला ते मास्तरच, आणि मीही त्यांना मास्तरच म्हणणार. उंच, काटकुळे, धोतर पोटरीपर्यंत वर आणि अंगात काळा अल्पाकाचा कोट. कोटाच्या एका खिशात कोळशाचा तुकडा, दुसऱ्यात गवत. रस्त्यानं चालता चालता मध्येच वाकायचे, काहीतरी उपटायचे, हुंगायचे आणि खिशात टाकायचे. एकदा कुणा परगावच्या गृहस्थाला वाटलं, म्हाताऱ्याचं काही हरवलंय. तो बिचारा दयेनं त्यांच्याबरोबर वाकून शोधायला लागला. मास्तरांनी त्याला तिथंच उन्हात उभं करून दूर्वा कुठली आणि लव्हाळा कुठला ते शिकवलं. बोट चुकली म्हणतात त्याची!

मास्तरांची ती औषधं म्हणजे होमिओपाथीची पेटी. कलकत्त्याहून मागवलेली, रेल्वेनं मुंबईला आणि तिथून बोटीनं रत्नागिरीच्या बंदरात. आत करंगळीएवढ्या बाटल्या आणि बाटल्यांत साबुदाण्याहून लहान पांढऱ्या गोळ्या. या गोळ्यांना हिंग, कांदा, कॉफी आणि कापूर यांचं भयंकर वावडं. नुसत्या वासानं त्यांचा गुण जातो, असं मास्तर छातीवर हात ठेवून सांगत. त्यामुळे पेटीची जागा पडवीच्या टोकाला, चुलीपासून शक्य तितकी लांब. आणि गणपतीत तर विचारूच नका. आरतीचा कापूर पेटायच्या आत मास्तर पेटी काखेत मारून मागच्या विहिरीपाशी जाऊन उभे राहायचे. आरती तिथूनच, खड्या आवाजात. टाळ्या वाजवता येत नसत कारण काखेत पेटी, म्हणून पायानं ताल धरायचे. आम्हा बायकांना हसू आवरायचं नाही. देव माजघरात आणि यजमान विहिरीवर!

बरं, एवढी जिवापाड जपलेली औषधं द्यायची कुणाला? तर सशांना. माणसांना नाही. माणूस गोळी मागायला आला की मास्तर ओळख विसरायचे.

ससे त्या वेळी गावात बरेच होते. मुंबईला बोटीवर जाणारे खलाशी पोरांसाठी टोपलीतून आणायचे, वकिलांच्या घरी हौसेनं पाळायचे. आणि ससा ही अशी जात, की बरी आहे बरी आहे म्हणेपर्यंत आडवी होते. गुरांचा सरकारी डॉक्टर होता, पण तो बैलांच्या आणि म्हशींच्या गडबडीत. मग लोक मास्तरांकडे यायचे. गाव त्यांना 'सशांचा डॉक्टर' म्हणून हसायचं, आणि ससा आजारी पडला की हसणाराच टोपली घेऊन पडवीत हजर.

आलेल्या माणसाला "या, बसा" नाही, काही नाही. पहिला प्रश्न, "लेंड्या पडतात का?" मोठमोठे वकील या प्रश्नानं गडबडायचे, कारण विचारताना मास्तर बघायचे त्यांच्याचकडे. मग भिंतीकडे बोट. पडवीच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं चित्रं काढून ठेवली होती. मधोमध निरोगी सशाची लेंडी, अगदी मापात, छाया-प्रकाशासकट. डावीकडे चालणारी पानं: दूर्वा, कोथिंबीर, केळीचं पान, जास्वंदीचं पान, बांबूचा कोवळा पाला. उजवीकडे न चालणारी, एकेकावर ठसठशीत फुली: कण्हेर, रुई, एरंड, धोतरा, घाणेरी. गणपतीआधी भिंतीला चुना लागायचा आणि मास्तर पुन्हा पहिल्यापासून काढायला बसायचे. कण्हेर इतकी सुरेख काढायचे की फुलीचं वाईट वाटायचं.

त्यांचा एक मंत्र होता. "आधी गवत, मग पाणी, मग सावली. एवढ्यानं भागलं नाही तर मी." आणि खरं सांगते, बहुतेकांचं एवढ्यानंच भागायचं. वैशाखात पावस गावचा एक बागाईतदार टोपली घेऊन आला. ससा धापा टाकत होता.

"टोपलीवर काय घातलं होतंत?" मास्तर.

"काय नाय."

"आणि तुमच्या डोक्यावर?"

"छत्री."

"शाबास!"

मग मास्तरांनी सशाला जमिनीवर गारव्याला ठेवलं, ओल्या फडक्यानं नुसते कान पुसले, वाटीत पाणी ठेवलं आणि आपण सुपारी कातरत बसले. घटकाभरानं ससा उठून पाणी प्यायला. बागाईतदार हिरमुसला. एवढी पायपीट करून आलेला माणूस. "पण औषध?" मास्तरांनी पेटी उघडली, एक गोळी काढली आणि त्याच्याच तळहातावर ठेवली. "ही तुम्ही चघळा. वाटेत. आणि टोपली सावलीनं न्या." तो गृहस्थ दोन्ही हातांनी नमस्कार करून गेला हो!

दुसऱ्यांदा एका शेजारणीनं सशाची खरूज जावी म्हणून त्याला करंजेल चोपडलं. मास्तरांनी हे ऐकलं आणि अनवाणीच तिच्या घरी धावले. "अहो बाई, ससा दिवसभर अंग चाटतो! त्याच्या अंगाला लावलंत ते त्याच्या पोटात गेलं!" कोरडं तांदळाचं पीठ चोळचोळून त्यांनी ते तेल टिपलं, अंगठ्याएवढा डागसुद्धा राहू दिला नाही. बाई म्हणाली, करंजेल झाडाचं असतं, त्यानं काय होतंय? "धोतरासुद्धा झाडाचाच असतो," मास्तर म्हणाले. वैद्यांचा काढा नको, अर्क नको. "अर्कात दारू असते. सशाला दारू पाजायचीय?" आणि औषध द्यायचं ते एका वेळी एकच. "दोन दिलीत आणि ससा गेला, तर कुणी मारलं ते कळायचं कसं?" हे ते इतक्या थंडपणे विचारायचे की माझ्या अंगावर काटा यायचा. ते तसं का विचारायचे, ते मला पुढे कळलं.

एकदा भरदुपारी एक कोळीण तापानं फणफणलेलं पोर घेऊन आली. "मास्तर, एक गोळी द्या." मास्तर ताडकन उठले. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला, "सरकारी दवाखान्यात ने! आत्ता ने! मी सशांचा आहे, ऐकू येत नाही?" ती घाबरून गेली. मास्तर तिच्यामागून फाटकापर्यंत गेले, दवाखान्याच्या वाटेला लागली ना ते बघत उभे राहिले आणि मग पडवीत येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मला राग आला होता. गरीब बाईशी असं बोलतात? मी सासूबाईंजवळ धुसफुसले. सासूबाई नुसत्या "गप बस हो" म्हणाल्या.

आता काकूंचं सांगायला हवं. काकू म्हणजे मास्तरांची बायको. गोऱ्यापान, ठेंगण्या, कामाला वाघीण. नारळ सोलण्यापासून पापड लाटण्यापर्यंत सगळं आपल्या हातानं. माझ्याशी भरभरून बोलायच्या. ओल्या काजूंची उसळ मी त्यांच्याकडूनच शिकले. पण मास्तरांशी त्यांचं बोलणं नव्हतं. एक शब्द नाही. जे काय बोलायचं ते कापश्यामार्फत.

कापश्या हा त्यांच्या घरचा ससा. पांढरा, थोराड, माजघरात मोकळा फिरणारा. आंघोळीचं पाणी तापलं की काकू त्याला सांगायच्या, "कापश्या, म्हणावं पाणी निघालंय." मास्तर पडवीतून उत्तर द्यायचे, "कापश्या, सांग, आलोच." कधी दोघांची जुंपायची. "कापश्या, कुणीतरी आज भाजीत मीठ घालायला विसरलंय." "कापश्या, कुणाच्या तरी जिभेला आता चव राहिली नाही, असं सांग." कापश्या मध्ये बसून कान हलवायचा. मला पहिले काही दिवस मोठी गंमत वाटली. ह्यांना मी म्हणायचे सुद्धा, आपणही एक ससा आणूया का?

मग एके दिवशी परसात तांदूळ निवडताना सासूबाईंनी सगळं सांगितलं. त्यांना आळीतल्या बायकांकडून कळलं होतं. मास्तरांना एकुलता एक मुलगा होता. शाळेत जायला लागलेला. त्याला ताप आला, उतरेना. मास्तरांना तेव्हा पेटीचं नवं वेड. स्वतःच औषध द्यायचे. आणि गोळी लागू पडायची तर पोट रिकामं हवं, शिवाय तापात लंघन हा आपल्याकडचा रिवाजच. सगळ्याच घरांत तापकऱ्याला उपाशी ठेवत, डॉक्टरसुद्धा तेच सांगत. मुलगा मऊ भात मागायचा. काकू म्हणायच्या, दोन घास देते. मास्तर म्हणायचे, नाही. मुलगा मागत राहिला आणि मग मागायचा थांबला. भातानं वाचला असता की नाही, कोण सांगणार? पण काकूंनी त्यानंतर नवऱ्याशी तोंड उघडलं नाही.

"आणि अगो," सासूबाई म्हणाल्या, "हा ससा त्या पोरानं पाळलेल्या जोडीच्याच वंशातला. आता हा एकच उरलाय."

मी तांदूळ तसेच ठेवून उठले. माजघरात काकू कापश्याला म्हणत होत्या, "सांग, पानं वाढलीत." त्या दिवसापासून मला त्यात गंमत वाटली नाही. हा ससा गेला तर या घरात पोराचं म्हणून काही उरणार नव्हतं, आणि या दोघांचं उरलंसुरलं बोलणंही त्याच्याबरोबर जाणार होतं. मी येता-जाता कापश्याकडे बघायला लागले. जेवला का, हिंडतोय का. माझ्याही तोंडात मास्तरांचा तो लेंड्यांचा प्रश्न बसला, काय सांगू!

आणि मग आले गौरी-गणपती. घर पाहुण्यांनी भरलेलं, काकू मोदकांच्या उकडीत बुडालेल्या. आरतीला मास्तर ठरल्याप्रमाणे पेटी घेऊन विहिरीवर. आणि आरती संपली की प्रसाद. आता प्रसाद म्हटल्यावर कुणाला वगळायचं कसं? कुणीतरी मोदकाचा तुकडा कापश्यापुढे धरला. तो त्यानं मटकावला. झालं! जो तो धरायला लागला. मोदक, खिरापत, पेढा. "बघा बघा, देवाच्या उंदराचा भाऊच हा," म्हणून आत्याबाया कौतुकानं भरवत होत्या. चित्रांची भिंत पडवीत, ससा माजघरात, आणि ज्या एका माणसानं त्यांचे हात धरले असते तो दर वेळी बाहेर आपल्या गोळ्यांना कापरापासून वाचवत उभा.

गौरी-गणपती गेले, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कापश्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. दात कराकरा वाजवत होता. पुढे ठेवलेलं गवत जसंच्या तसं. मास्तर खाली बसले. झाडू मारलेल्या जागेवर पुन्हा हात फिरवला, लेंडी एकही नाही. त्याच्या पोटाला कान लावून बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा चेहरा उतरला होता.

"आतलं सगळं थांबलंय," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही.

ह्यांना त्यांनी गुरांच्या डॉक्टरकडे पिटाळलं. हे धावतपळत जाऊन आले. डॉक्टर गुरांच्या साथीसाठी फिरतीवर, उद्याशिवाय येत नाहीत. तोवर आळीतल्या चार बायका जमल्या होत्या. आमच्या सासूबाई, मनानं चांगल्या हो, पण जीभ पुढे. म्हणाल्या, "गोडधोडानं पोट जड झालंय त्याचं. दोन दिवस लंघन घाला, बसेल जाग्यावर."

मास्तरांनी त्यांच्याकडे अशी मान वळवली की सासूबाई एक पाऊल मागे सरकल्या. मग ते तडक निघाले. पडवीत जाऊन पेटी उघडली. एक बाटली निवडली, बूच काढलं, गोळी कागदावर घेतली. मला त्यांच्या मनातलं स्पष्ट दिसत होतं, कारण दोन्ही नियम मी रोज त्यांच्याच तोंडून ऐकत होते. गोळी द्यायची तर आधी आणि नंतर पोटात काही जाता कामा नये. आणि ससा, त्याचं पोट एक दिवस रिकामं राहिलं तर तो संपला. गोळी कागदावर आणि मास्तर गोळीपुढे, असा किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी गोळी परत बाटलीत टाकली, बूच लावलं, पेटी मिटली.

कापश्या वाचला, हे मी आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. दुसऱ्या दिवशी डॉक्टरही येऊन गेले आणि पुढे तो चांगला म्हातारा होऊन मेला. तोवर आमची बदली होऊन आम्ही रत्नागिरी सोडली होती. मास्तर आणि काकू आता दोघंही नाहीत. मलाही आता चष्म्याशिवाय गवत न् मेथी सारखीच दिसते. पण ती सकाळ तेवढी मला लख्ख दिसते, आणि ते घर आठवलं की माझं मन भरून येतं, ते त्या सकाळीपायीच.

मास्तरांनी कापश्याला उचललं, छातीशी धरलं आणि ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. काकू आत पाहुण्यांच्या भांड्यांचा ढीग चिंचेनं घासत पाठमोऱ्या बसल्या होत्या. आम्ही सगळ्या माजघरात. मला वाटलं, आता म्हणतील, कापश्या, सांग तिला. पण कापश्याला हे सांगायचं कसं?

"अगं," मास्तर म्हणाले. ससा जरा पुढे केला. मग म्हणाले, "याला काय देऊ मी?"

काकूंचा हात थांबला. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"आता विचारताय?" काकू म्हणाल्या.

त्या वळल्या नाहीत. मास्तरही हलले नाहीत. उंबऱ्याबाहेर तसेच उभे, ससा छातीशी, मान खाली. मला वाटलं, संपलं. आता ही बाई पुन्हा जन्मात बोलणार नाही.

काकूंनी हात धुतले. पदराला पुसले. "आणा इकडे," त्या म्हणाल्या.

गणपतीसाठी आणलेल्या दूर्वांची एक जुडी ओल्या फडक्यात उरली होती. ती त्यांनी धुऊन पाट्यावर बारीक वाटली, कोमट पाणी घालून सरबरीत केली. फळीवरचं एक लहानसं बोंडलं खाली घेतलं, तान्ह्या मुलांना दूध पाजायचं असतं ते. पाटावर बसल्या आणि कापश्याला मांडीवर घेतलं. मास्तर समोर उकिडवे बसले.

"घशात ओतू नकोस," ते हळूच म्हणाले. "कडेनं. थेंब थेंब. गिळू दे, मग पुढचा."

"कळतं मला," काकू म्हणाल्या, पण भरवलं तसंच. पहिला थेंब ओठांवरून खाली गेला. दुसराही. तिसऱ्याला कापश्यानं जबडा हलवला. काकूंचे डोळे वाहत होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"तोही असाच मागत होता हो," त्या म्हणाल्या. "दोन घास."

आम्ही ऐकायला नको होतं. पण पाय हलेनात.

"मला ऐकू येत होतं," मास्तर म्हणाले. "पडवीत सगळं ऐकू येत होतं गं."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग बोंडलं पुन्हा भरलं. कापश्यानं मान झटकली, पाय झाडायला लागला.

"नुसते बघताय काय?" काकू म्हणाल्या. "धरा त्याला नीट. हलतोय."

मास्तर पुढे सरकले आणि दोन्ही हातांनी त्यांनी त्याला धरलं.